मोडी शिकतेय, पण एका जागी अडकलेय. वय आडवं येतंय का पद्धत चुकतेय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबलंय तरी वाचा प्लीज.

वय ५७. सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. माहेर वाईजवळचं. आई गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली, त्यात लाल फडक्यात बांधलेले ८०-९० कागद निघाले आणि सगळे मोडी लिपीत, म्हणजे पूर्वी मराठी ज्या जोडाक्षरी हाताने लिहीत त्या लिपीत. आजोबांना मोडी चांगली यायची, वडिलांना शाळेत शिकवली होती पण पुढे वापरच नाही म्हणून ते विसरले, आणि आम्हा भावंडांपर्यंत आलंच नाही काही. म्हणजे आपल्याच घरातलं, आपल्याच भाषेतलं लिहिलेलं, आणि हातात धरून नुसतं बघत बसायचं. मला ते फार लागलं.

म्हणून दहा दिवसांचा एक वर्ग केला. शिकवणारे जाणकार होते पण वेग इतका की पाचव्या दिवशीच मागचं सुटायला लागलं. तरी घरी येऊन रोज सकाळी एक तास बसते, आता १४ महिने झाले. मूळाक्षरं, बाराखडी पाठ आहे. वर्गातल्या सरांचं वळणदार अक्षर सरळ वाचते. पण ट्रंकेतले कागद घेतले की संपलं, एका बैठकीत दोन ओळी, त्याही अर्ध्या अंदाजाने. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही, आणि र तर प्रत्येक ठिकाणी वेगळाच दिसतो. पहिल्या चार महिन्यांत जेवढं आलं तेवढंच आजही येतं. दिवाळीपासून तर एक पाऊलही पुढे नाही असं वाटतंय.

एक कागद सारखा काढून बघते. त्यात 'राधाबाई' एवढं नक्की लागलंय. आमच्याकडे या नावाचं कोणी होतं हे माहेरी कोणालाच ठाऊक नाही. नावापुढे दोन अक्षरं आहेत ती लागत नाहीत, आणि कागदाच्या शेवटी शाईने एक गोल काढलाय, शून्यासारखा पण मोठा.

मुलगा म्हणतो आई कशाला डोळे फोडतेस, दोन-चार वर्षांत कॉम्प्युटर वाचून देईल. देईलही वाचून, पण मला स्वतःला वाचायचंय.

तर प्रश्न असे की, या वयात नवीन लिपी हातात बसते का, का आता एवढंच येणार? ज्यांना चांगली येते त्यांना किती वर्षं लागली? आणि रोज तासभर बसूनही पुढे सरकत नाही म्हणजे माझं नेमकं काय चुकतंय? मोडीच नाही, दुसरं काही मोठेपणी शिकलेल्यांनीही सांगा.

---

पायवाट

ताई, उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा. कागद कुठल्या काळातले आहेत? आणि रोजचा तासभर म्हणजे नक्की काय करता?

---

कृष्णाकाठ

काळ नक्की कळत नाही, पण दोन-तीन ठिकाणी शके १७८० च्या पुढचे आकडे दिसतात, म्हणजे ७८ मिळवले तर १८६० च्या आसपास. अक्षर बारीक, तिरकं आणि घाईचं आहे.

तासभर म्हणजे आधी बाराखडी एकदा लिहून काढते, मग वर्गात दिलेले उतारे वाचते (ते आता जवळजवळ पाठच झालेत), आणि शेवटची १५-२० मिनिटं ट्रंकेतला कागद.

---

रुमाल_सोडा

कृष्णाकाठताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी ७१ वर्षांचा आहे, कोर्टात कारकुनी केली, मोडी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू केली, म्हणजे आता २६ वर्षं झाली. तेव्हा वयाचा प्रश्न सोडूनच द्या. तुमची अडचण काय आहे ते मला बरोब्बर दिसतंय कारण मी स्वतः तिथेच दीड वर्ष बसलो होतो.

तुम्ही जे येतंय तेच रोज करताय. बाराखडी येते, ती लिहिता. उतारे पाठ झालेत, ते वाचता. ४० मिनिटं अशी जातात, आणि जिथे खरं शिकणं आहे तो कागद घेता तेव्हा डोकं दमलेलं. उद्यापासून आधी कागद. बाराखडी बंद.

दुसरं म्हणजे अक्षरं लावायची सोडा. हे ऐकायला विचित्र वाटेल पण मोडी चांगली वाचणारा माणूस अक्षर लावत बसत नाही, कागद कसला आहे ते आधी ओळखतो. पत्र आहे का, कर्जरोखा आहे का, गहाणखत, महजर (पंचांचा निवाडा), जमाखर्चाचा कागद, का वाटणीपत्र. ते कळलं की अर्धा मजकूर काय असणार हे वाचायच्या आधीच माहीत असतं. पत्र असेल तर वर श्री, मग 'राजमान्य राजश्री' अमुक 'यांसी', मग 'विनंति उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें, विशेष', आणि खरी गोष्ट त्या 'विशेष'नंतर सुरू होते. रोखा असेल तर 'लिहून दिल्हा कर्जरोखा ऐसाजे' हे येणारच. असे ४०-५० ठराविक तुकडे असतात. ते एका वहीत मोडीत उतरवा आणि अखंड चित्र म्हणून डोळ्यांत बसवा. मग नवीन कागदावर हे तुकडे आपोआप उठून दिसतात आणि मधली जी दोन-चार अक्षरं उरतात तेवढीच लावायची राहतात. शब्दात जागा नाही हा त्रासही तिथेच निम्मा संपतो.

आता सरावाची पद्धत, हे माझ्या गुरुजींनी मला लावलं आणि त्यानेच मी पुढे सरकलो. ज्या कागदाचा फोटो आणि त्याचं देवनागरी वाचन दोन्ही छापलेलं आहे असा कागद घ्यायचा. देवनागरी झाकायचं. आपलं वाचन पेनाने लिहून काढायचं, अडलं तरी काहीतरी लिहायचंच, रिकामी जागा सोडायची नाही. मग उघडून ताडून बघायचं, आणि जे चुकलं ते वेगळ्या वहीत, तारीख घालून, मी काय वाचलं आणि खरं काय होतं. माझ्या अशा ११ वह्या आहेत. तीन-चार महिन्यांनी ती वही चाळली की कळतं आपण त्याच त्या सहा-सात ठिकाणी चुकतोय, मग तेवढ्यावरच बसायचं. नुसतं वाचत गेलं तर चूक झाली हे कळतच नाही हो, आणि चूक न कळता केलेला सराव म्हणजे चूकच पक्की करणं.

तिसरं, लिहून बघा. बोरू (काडीची लेखणी) मिळाला तर उत्तम, नाहीतर तिरकं कापलेलं निब. आधी पानभर रेघा आखून घ्या, मोडीत रेघ आधी आणि अक्षर मागून असतं, आणि मग समोरच्या कागदातली एक ओळ हात न उचलता जशीच्या तशी उतरवा. आपला हात त्या वळणातून गेला की कळतं लिहिणाऱ्याने इथे र असा का ओढला. डोळ्यांना जे महिनाभर कळत नाही ते हाताला दहा मिनिटांत कळतं.

आणि एक, तुमचे कागद इंग्रजी अमदानीतले आहेत. तेव्हा बोरू मागे पडून टाक (धातूच्या निबाची लेखणी) आला होता, अक्षर बारीक आणि घाईचं झालं, शिकणाऱ्याला ते सगळ्यात अवघड. पेशवेकाळातलं वळण त्यामानाने मोकळं, गोलसर, वाचायला सोपं. माझं मत, सहा महिने ट्रंक बंद ठेवा, पेशवेकालीन पत्रांवर हात बसवा, मग परत या.

किती वर्षं लागली? साधं पत्र न अडखळता वाचायला मला तीन वर्षं लागली. पण 'येते' असं मी अजून म्हणत नाही. माझे गुरुजी ४० वर्षं वाचत होते, टेबलाच्या पलीकडे ठेवलेला कागद उलटा वाचायचे, आणि एकदा कोणीतरी रंगाऱ्याच्या दुकानाचा हिशेब आणला तर त्यावर दोन दिवस बसले कारण रंगांची आणि कापडांची नावंच ओळखीची नव्हती. शेवटी ते उठून एका जुन्या रंगाऱ्याकडे गेले, त्याच्याकडून शब्द घेतले आणि मग कागद वाचला. वय तेव्हा ७८.

तुमच्या त्या दोन अक्षरांबद्दल. उत्तर मी सांगत नाही, फक्त वाट दाखवतो. जुन्या कागदांत पुरुषाच्या नावापुढे बापाचं नाव जोडायला 'बिन' लिहीत. मग लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे काय लिहीत असतील, आणि तेही दोन अक्षरांत? आणि त्या गोलाच्या शेजारी काही शब्द आहेत का बघा.

---

जवारी

मला मोडीतलं काही कळत नाही पण रुमालकाकांनी लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

आम्ही मिरजेचे, घरात तंबोरे बनवायचं काम. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून पाच वर्षं कारखान्यात नोकरी केली आणि २९ व्या वर्षी परत येऊन वडिलांच्या हाताखाली बसलो. लहानपणापासून बसलेल्यांच्या मानाने खूप उशीर. भोपळा कापणं, गळा जोडणं, पॉलिश हे सगळं दोन-तीन वर्षांत आलं, ते दिसतं आणि मोजता येतं. अडलो जवारीला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानशीने घासून अगदी हलका उतार द्यायचा असतो, त्या उतारावर तार घासून थरथरते म्हणून तो भरलेला, घुमणारा आवाज येतो. घासणं किंचित जास्त झालं की आवाज चिरका आणि कमी झालं की मुका. मग तारेखाली दोरा सरकवून बारीक जमवणी. हा उतार मोजायची पट्टी नाही, मोजायचं ते कानाने.

पहिलं वर्षभर मला दोन तंबोऱ्यांत फरकच ऐकू यायचा नाही. वडील म्हणायचे ही बंद आहे, ही खुली आहे, मला दोन्ही सारख्याच. मी नुसता बघत बसायचो ते कसं घासतात, वाटायचं बघून येईल. मग एक दिवस त्यांनी पद्धत बदलली. कानशीचे दोन हात मारायचे, तार छेडायची, आणि म्हणायचे आता तू सांग, खुलली का बसली. मी सांगेपर्यंत ते तोंड उघडायचे नाहीत. मी चुकीचं सांगितलं की परत छेडायची, एवढंच. रागावणं नाही, समजावणंही नाही. दिवसाला तीस-चाळीस वेळा. साताठ महिन्यांनी एका दुपारी मला स्पष्ट ऐकू आलं, आणि ज्याला आधी फरक ऐकू येत नव्हता तो मीच का असं वाटलं, कारण आता तो फरक इतका मोठा होता.

तेव्हा ताई, आधी सांगायचं आणि मग बघायचं, हीच गोष्ट काका वेगळ्या शब्दांत सांगतायत. झाकून लिहा, मग उघडा.

वडील आता ७६ चे. हात थरथरतो म्हणून कानस मी धरतो, पण कुठे थांबायचं ते अजून तेच सांगतात. मला १७ वर्षं झाली, दहातल्या आठ वेळा आमचं एकमत होतं.

---

फळा_खडू

मी नाशिकला डी.एड. कॉलेजात शिकवते, शिकणं कसं होतं हाच माझा विषय, त्यामुळे थोडी भर घालते. वरच्या दोघांनी अनुभवाने सांगितलंय त्यातलं बरंचसं तपासूनही झालंय.

कागद कसला आहे ते आधी ओळखायचं हे जे काकांनी लिहिलं, त्यावर बुद्धिबळातला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, १९७३ चा, विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला आणि सोंगट्या परत मांडायला सांगितल्या. मुरलेल्या खेळाडूने पुष्कळ बरोबर मांडल्या, नवख्याला चार-पाचच जमल्या. मग त्याच सोंगट्या कशाही विस्कटून मांडल्या आणि परत तेच केलं, तर दोघांतला फरक जवळजवळ गेला. म्हणजे मुरलेल्याची स्मरणशक्ती मोठी नव्हती, त्याच्या डोक्यात ओळखीच्या मांडण्यांचा साठा होता. काकांच्या गुरुजींचा रंगाऱ्याचा हिशेब वाचून मला हाच प्रयोग आठवला, ओळखीची मांडणी नाही म्हटल्यावर चाळीस वर्षांचा माणूसही थांबला. आणि त्यांनी काय केलं, तर तो साठा आणायला उठून गेले. मला ते फार आवडलं.

झाकून आठवण्याबद्दल, रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी तोच उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. ताई, पाठ झालेले उतारे वाचताना जे छान वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांतलं छान वाटणं आहे. माझ्या कॉलेजातल्या मुली दरवर्षी ह्यातच फसतात, पिवळ्या पेनाने रंगवलेलं पुस्तक परत परत वाचतात आणि वाटतं आलं.

आणि तज्ज्ञ व्हायला लागतो म्हणून तो दहा हजार तासांचा आकडा सगळीकडे फिरतो त्याला घाबरू नका. तो मूळ बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या अभ्यासातून आला, १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सगळ्यात पुढच्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती साधारण सरासरी होती, कित्येकांचे तास तेवढे भरलेलेही नव्हते. तेवढे तास भरले की कोणीही तज्ज्ञ होतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं, आणि पुढे एरिक्सननी हे स्वतः खोडून काढलं. त्यांचा भर कशावर होता, तर जे जमत नाही तेच निवडून, चूक दाखवणारं कोणी असताना, लक्ष देऊन करणं. असं काम थकवणारं असतं, म्हणून ते दमलेल्या डोक्याने शेवटच्या पंधरा मिनिटांत करायचं नाही.

वयाबद्दल खरं सांगायचं तर वेग कमी होतो, ते लपवण्यात अर्थ नाही. नवीन गोष्ट पटकन डोक्यात घेण्याचा वेग विशी-पंचविशीतला राहत नाही. पण शब्दसंपत्ती साठीपर्यंत वाढत राहते आणि जगाची माहिती तर वाढतेच. आता बघा, २५ वर्षांच्या मुलाला आणे-पै म्हणजे काय, तारण कशाला म्हणतात, मुद्दल आणि व्याज कागदावर कसं मांडतात हे आधी शिकावं लागेल. तुम्ही ३१ वर्षं बँकेत होतात. कर्जाचे कागद हा तर तुमचा घरचा विषय आहे! अक्षर लागलं नाही तरी त्या जागी काय असायला हवं हे तुम्हाला कळेल, हे त्या मुलाला कळणार नाही.

---

डोंबिवली_फास्ट

वरचे प्रतिसाद चांगलेच आहेत पण एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे.

रुमालकाका, ट्रंक सहा महिने बंद ठेवा हे नका हो सांगू. मी ४४ चा, रोज लोकलमध्ये जाऊन-येऊन अडीच तास जातात, घरी दोन लहान मुलं. मीसुद्धा आधी शिस्तीत पेशवेकालीन पत्रांपासून सुरुवात केली होती आणि तीन महिन्यांत सोडलं कारण त्या पत्रांतल्या माणसांशी माझा संबंध नव्हता. दोन वर्षांनी २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, गावाकडे सगळे जुनी कागदपत्रं काढायला लागले, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, तेव्हा चुलत्यांनी आमच्या घरचे पाच कागद व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यातला एक फोटो फोनवर मोठा करून मी रोज लोकलमध्ये एकच ओळ लावायचो. एक ओळ, बस. उभा असलो तरी. पणजोबांचं नाव लागलं त्या दिवशी कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत मी तेवढा एकच शब्द बघत उभा होतो. त्यानंतर सोडायचा प्रश्नच आला नाही.

अवघड कागद असला तरी आपला असेल तर माणूस त्याच्याशी झटतो. आणि एकाच घरचे कागद बहुतेक दोन-तीन कारकुनांच्या हातचे असतात, तो एक हात ओळखीचा झाला की पुढचे कागद भराभर लागतात.

दुसरं म्हणजे सगळ्यांना गुरुजी मिळत नाहीत. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, आठवड्याला एक कागद, प्रत्येकाने आपलं वाचन रविवारी रात्री ९ ला एकाच वेळी टाकायचं, आधी कोणी कोणाचं बघायचं नाही. जिथे वाचन जुळत नाही तिथे भांडायचं. खूप शिकायला मिळतं, आणि आमच्यातला सगळ्यात चांगला वाचणारा हा शेतकरी आहे, दहावीपर्यंत शिकलेला, कारण त्याला जमिनीचे शब्द येतात. बिघा, पांड, काठी, बांध, थळ, हे आम्हाला डिक्शनरीत बघावं लागतं, तो बोलतो.

---

रुमाल_सोडा

डोंबिवलीकर, तुमचं पटलं. माझ्या घरी असे कागद नव्हते म्हणून तो विचार माझ्या मनात आला नाही. ताई, तुम्ही असं करा, निम्मा वेळ छापील वाचन असलेला कागद झाकून, निम्मा वेळ ट्रंकेतला एकच कागद. रविवारची पद्धत फार छान आहे, आम्हाला तेव्हा असं काही नव्हतं.

अजून एक राहिलं. तारखा आणि आकडे हा तुमचा मजबूत खांब करा, बँकेतल्या आहात. आकडा शब्दापेक्षा कमी फसवतो आणि एकदा लागला की आजूबाजूचं लागतं. १॥ म्हणजे दीड, २। म्हणजे सव्वादोन. शक लागला की संवत्सराचं नावही जवळच असतं, पंचांग काढून ताडा, दोन्ही जुळले तर वाचन पक्कं. पेशवेकाळातल्या कागदांत अरबी शब्दांतलं सुहूर सन (तेव्हाची एक वर्षगणना) येतं, ते एकदा पाठ करून टाका, अहद-इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, म्हणजे एक ते पाच, असं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हे वर्ष मे महिन्याच्या अखेरीस मृगाबरोबर बदलतं, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. जानेवारीतला कागद असेल तर १७६१, पानिपतचा महिना. मी पहिल्यांदा हे स्वतः लावलं तेव्हा वही मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आणि तुम्ही वाईच्या. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ साली निघाला त्यातली पत्रं वाईतच सापडलेली. तुमच्या भागातल्या ट्रंका हलक्या समजू नका.

---

पायवाट

काकांना +१. कागद हाताळताना एक काळजी घ्या, घड्यांवर जबरदस्ती करू नका आणि फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांनी त्याचा डिंक कागदात उतरून डाग पडतो. दिवसाच्या उजेडात फोटो काढून फोटोवरच काम करा.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे उशिरा लिहितेय कारण सांगण्यासारखं काही झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

बाराखडी बंद केली. सकाळी आधी झाकून वाचन, चुकांची वही सुरू केली, २३ पानं भरलीत. पहिल्या आठवड्यात फार वाईट वाटलं, कारण इतके दिवस जे मी 'वाचत' होते त्यातलं पुष्कळ चुकीचं होतं हे रोज लाल शाईत समोर यायला लागलं. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच त्या चुका दिसायला लागल्या, काका म्हणाले होते तशाच. माझ्या मुख्य पाच आहेत, त्यातल्या तीन नुसत्या र च्या. मग नातवाच्या कॅलिग्राफीच्या पेनाने ओळी उतरवायला लागले आणि त्यातला एक र दुसऱ्याच दिवशी सुटला.

राधाबाईंचा कागद कर्जरोखा आहे! 'ऐसाजे' दिसलं आणि लगेच कळलं, मग मी कागद सोडून आधी स्वतःलाच विचारलं की कर्जाच्या कागदात काय काय असतं, कोणी घेतलं, कोणाकडून, किती, व्याज काय, तारण काय, मुदत कधीची, साक्षीदार कोण. बँकेत हजारो वेळा हेच तर भरलंय. एकेक रकाना समजून शोधत गेले. रुपये ४०, व्याज दरमहा दरशेकडा १॥ रुपये, तारण एक पाटल्यांचा जोड. शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, पंचांगातल्या यादीशी ताडून बघितलं, जुळतंय. म्हणजे १८६४-६५.

ती दोन अक्षरं म्हणजे 'कोम'. फळा_खडू, तुम्ही म्हणालात तसंच झालं, अक्षर लागायच्या आधी त्या जागी 'अमक्याची बायको' असंच काहीतरी असणार हे कळलं होतं, मग मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडला. आणि कोमच्या पुढे माझ्या खापरपणजोबांचं नाव आहे, स्वच्छ. आमच्या वंशावळीत त्यांच्या नावाखाली फक्त मुलांची नावं लिहिलीत, बायकोची जागा रिकामी आहे. परवा भावाकडे जाऊन ती भरली.

आणि तो गोल. शेजारी दोन शब्द होते, पहिला 'निशाणी' लगेच लागला. दुसऱ्यावर चार दिवस गेले, आधी मी तो गावाचं नाव समजत होते. मंगळवारी सकाळी तोच शब्द पेनाने उतरवत होते आणि हात शेवटच्या वळणावर आला तेव्हा कळलं, बांगडी. 'निशाणी बांगडी'. त्यांना सही येत नव्हती म्हणून त्यांनी बांगडी काढली. मी वर्षभर ज्याला शून्य म्हणत होते ती त्यांची सही होती.

मुलाला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत होता, मग म्हणाला हा र कुठला गं यातला.

डोंबिवली_फास्ट, तुमच्या रविवारच्या ग्रुपात सातव्या माणसाला जागा आहे का? ट्रंकेत अजून ८० कागद आहेत आणि त्यातल्या निदान चारांच्या खाली बांगडी आहे.